गिऱ्हाइकाची पिशवी २४ मिनिटांत रिकामी होते, चालेल तुम्हाला?



वेबसाइट बनवून घेताना आपली माणसं कशावर वेळ घालवतात? लोगो मोठा करा, बॅनर हलता ठेवा, हिरवा नको केशरी द्या. माझं मत विचाराल तर डेव्हलपरशी एकाच गोष्टीवर हुज्जत घालायची असेल तर ती सेशनवर घाला. "ते टेक्निकल आहे, आपल्याला काय कळणार" असं म्हणू नका. विषय तुमच्या गल्ल्याचा आहे.

आधी सेशन म्हणजे काय ते बघू. ब्राउझर आणि सर्व्हर ज्या एचटीटीपीवर बोलतात, त्याला स्मरणशक्ती नाही. गिऱ्हाईक एका पानावर मसाला घेऊन दुसऱ्या पानावर गेलं की सर्व्हरच्या लेखी तो नवाच माणूस. १९९४ साली नेटस्केपमधल्या लू मॉन्टुली यांनी कुकी आणली ती ह्याच अडचणीसाठी, आणि तेव्हाही समोर होती ती ऑनलाइन खरेदीची कार्टच. सेशन सहसा अशा कुकीवरच चालतं. देवळाबाहेर चपला ठेवल्या की टोकन मिळतं ना, तसं. टोकन गिऱ्हाइकाच्या ब्राउझरमध्ये, चपला आपल्या सर्व्हरवर. कोण लॉगिन आहे, कार्टमध्ये काय आहे, ही माहिती सर्व्हरवर ज्या नावांनी ठेवतात ती सेशन व्हेरिएबल्स.

आता गोम बघा. छोट्या दुकानांच्या बऱ्याच साइट पीएचपीमध्ये असतात आणि पीएचपीच्या मूळ सेटिंगमध्ये सेशनचं आयुष्य १४४० सेकंद आहे. म्हणजे २४ मिनिटं. शेवटच्या क्लिकनंतर तेवढा वेळ हालचाल नसेल तर तो डेटा कचरा धरला जातो.

आपलं गिऱ्हाईक कसं खरेदी करतं ते आठवा. दुपारी ताई कार्टमध्ये आठ वस्तू टाकतात. कुकरची शिट्टी होते, मुलगा शाळेतून येतो, मग बहिणीला फोन, "तुला पण मागवू का चटणी?" तासाभराने परत येतात तर कार्ट रिकामी. आठ वस्तू परत शोधून टाकतील? मी तर नाही टाकणार. बरं, त्या तक्रारही करणार नाहीत, गुपचूप दुसरीकडून घेतील. तुम्हाला वाटणार, जाहिरात चालली नाही.

डेव्हलपरला सांगितलं की तो म्हणतो, "माझ्याकडे तर दोन तासांनी पण कार्ट दिसते." तो खोटं बोलत नसतो! जिथे जुन्या सेशनची साफसफाई पीएचपी स्वतः करतं, तिथे ती घड्याळ लावून होत नाही. मूळ सेटिंगमध्ये साधारण शंभरातल्या एखाद्या वेळी, कोणीतरी पान उघडलं की झाडू फिरतो. साइटवर वर्दळ नसेल तर जुना डेटा तसाच पडून राहतो. दिवाळीत फराळाच्या ऑर्डरची गर्दी झाली की झाडू सारखा फिरतो आणि कार्टी नेमक्या तेव्हा उडतात.

"मग वेळ वाढवून टाकू की." वाढवा, पण त्यावर विसंबू नका. स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर सगळ्यांच्या सेशन फाइल्स एकाच फोल्डरमध्ये असतील, तर शेजारच्या साइटचं कमी वेळेचं सेटिंग तुमच्याही फाइल्स झाडून काढतं. आपण उधारी काउंटरवरच्या चिठ्ठीवर ठेवतो का? वहीत लिहितो. सेशन ही चिठ्ठी आहे, डेटाबेस ही वही. कार्ट वहीत गेली पाहिजे, चिठ्ठीवर फक्त कोणाचं पान उघडायचं तेवढं. वूकॉमर्सवर साइट असेल तर तिथे कार्टचा डेटा डेटाबेसच्या वेगळ्या टेबलात राहतो, त्यामुळे ही काळजी कमी.

कार्ट गेली तर विक्री जाते. याहून वाईट प्रकार पेमेंटच्या वेळी होतो. गिऱ्हाईक पेमेंट गेटवेच्या पानावर जातं, पैसे भरतं, गेटवे त्याला आपल्या साइटवर परत पाठवतो. हे परत पाठवणं पोस्ट पद्धतीने असेल, तर ब्राउझर आपलं टोकन सोबत पाठवेलच असं नाही. २०२० पासून क्रोमने दुसऱ्या साइटवरून येताना कुकी पाठवण्याचे नियम कडक केलेत. मग आपली साइट म्हणते, "आपण कोण? लॉगिन करा." पैसे कापले गेले, ऑर्डर दिसत नाही, आणि गिऱ्हाईक फोनवर तुम्हाला फसवे म्हणतं. म्हणून पेमेंटला पाठवण्याआधीच ऑर्डर डेटाबेसमध्ये "पेमेंट बाकी" अशी नोंदवायची. पैसे आल्याची खात्री गेटवेच्या सर्व्हरकडून थेट आपल्या सर्व्हरला येणाऱ्या निरोपावर, म्हणजे वेबहुकवर, सही तपासून करायची. गिऱ्हाईक परत आलं काय, वाटेत ब्राउझर बंद केला काय, ऑर्डर पक्की.

अ‍ॅडमिन पॅनेलला मात्र उलटा न्याय. दुकानातल्या कॉम्प्युटरवर चार जणांचा हात असतो, तिथलं सेशन लवकर संपलेलंच बरं. आणि लॉगिन झालं की टोकनचा नंबर नवा झाला पाहिजे, नाहीतर जुना नंबर माहीत असलेला माणूस तुमच्या नावाने आत शिरतो. पीएचपीत हे एका ओळीचं काम आहे, त्याचे जादा पैसे देऊ नका.

साइट ताब्यात घ्यायच्या आधी एक दिवस काढा. होस्टिंगवर सेशन कुठे राहतं आणि कार्ट कुठे, हे डेव्हलपरला तोंडी विचारा. मग लहान रकमेची खरी ऑर्डर द्या, पैसे भरा, आणि आपल्या साइटवर परत यायच्या आत ब्राउझर बंद करा. आता दुसऱ्या फोनवरून अ‍ॅडमिन पॅनेल उघडून बघा, ऑर्डर "पैसे मिळाले" अशी दिसते का. नसेल दिसत तर डेव्हलपरचा शेवटचा हप्ता थांबवा.