विश्लेषण : चीनशी लढाई आणि जवळीकही... व्हिएतनामला हे कसे जमते?

सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष बायडेन हनोईत आले. डिसेंबरमध्ये चीनचे क्षी जिनपिंग. व्हिएतनामची ही कसरत जुनीच आहे.

हजार वर्षांचे जोखड
इ.स.पूर्व १११ मध्ये चीनच्या हान साम्राज्याने हा प्रदेश जिंकला. इ.स. ४० मधील त्रुंग भगिनींचे बंड तीन वर्षांत चिरडले गेले. अखेर ९३८ मध्ये न्गो क्वेन यांनी बाख डांग नदीत टोकदार खुंट रोवले. ओहोटीत चिनी जहाजे त्यांवर अडकली.

विजयानंतर नजराणा
१४०७ मध्ये मिंग सैन्याने देश पुन्हा व्यापला. ले लोई यांनी १४२७ मध्ये त्याला नमवले. पण परतीसाठी नावा, घोडे दिले. पुढे मिंग दरबारी नजराणेही पाठवले.

आज काय?
सागरी हद्दीचा वाद कायम आहे, व्यापारही. शेजारी बदलता येत नाही, हा त्यातला धडा.