कलेचे पाहुणे आणि कलेचे धनी

शाळेंत कला शिकवावी, याविषयीं सुशिक्षित समाजांत आतां फारसा मतभेद उरलेला नाहीं. प्रश्न उरला आहे तो ती कोणाच्या शाळेंत आणि कोणत्या नात्यानें यावी हा. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली या उपनगरांकडे पाहिलें म्हणजे त्याचें स्वरूप ध्यानांत येतें. भरपूर फी घेणारी शाळा नाट्यसंस्थेशीं किंवा संगीतविद्यालयाशीं वर्षाचा करार करूं शकते. शिक्षक ठरल्या वारीं येतो, न आल्यास जाब विचारतां येतो. जवळच्याच महापालिकेच्या शाळेंत संस्था येते ती पुष्कळदां एका दिवसापुरती. खेळ होतो, छायाचित्रें निघतात, आभार मानले जातात. पहिली शाळा यजमान असते, दुसरी उपकृत.

हा भेद केवळ पैशाचा नव्हे, नियमांचाही आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यांत सहावी ते आठवीच्या वर्गांसाठीं अंशकालीन कलाशिक्षकाची तरतूद आहे. पण पटावर १०० हून अधिक मुलें असतील तरच. मराठी शाळांचा पट आटत चालला असतां या अटीचा अर्थ काय होतो, हें सांगणें नको. दुसरीकडे दहावीच्या परीक्षेंत शास्त्रीय कला, लोककला व चित्रकला यांतील प्रावीण्याबद्दल वाढीव गुण मिळतात. हेतु उत्तम, परंतु शास्त्रीय गायनवादनाच्या परीक्षा द्यावयाच्या तर वर्षानुवर्षांची शिकवणी हवी आणि घरीं तबला-पेटी हवी. आपल्या घरांतील मुलांस तें सहज लाभतें. आपल्याकडे धुणेंभांडीं करणाऱ्या बाईंच्या मुलीस तें कोठून लाभावें?

या बाबतींत कै. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांचें कार्य मननीय आहे. १९६२ सालीं ‘बालनाट्य’ संस्था स्थापून त्यांनीं ‘अलबत्या गलबत्या’, ‘निम्मा शिम्मा राक्षस’ यांसारखीं नाटकें मुलांस दिलीं. पुढें उतारवयांत, मुलुंडलगतच्या ठाण्यांत, समता विचार प्रसारक संस्थेच्या सहकार्यानें त्यांनीं ‘वंचितांचा रंगमंच’ उभा केला. वस्त्यांतील मुलांनीं तेथें आपल्याच जगण्यांतील विषय घेऊन नाटकें रचलीं व स्वतःच तीं सादर केलीं. हा उपक्रम वस्त्यांतला, शाळेंतला नव्हे. तरी शाळांनीं घ्यावा असा धडा त्यांत आहे. येथें मुलें प्रेक्षक राहिलीं नाहींत, धनी झालीं.

कोणी म्हणेल, मुळींच नसण्यापेक्षां एका दिवसाचा खेळ काय वाईट? वाईट कांहींच नाहीं. पण त्याला सहकार्य म्हणूं नये. काय शिकवावें, कोणत्या भाषेंत शिकवावें, कधीं यावें, हें सर्व एकच पक्ष ठरवीत असेल तर तें दान होय. आणि दानांत घेणाऱ्यानें तक्रार करावयाची नसते.

आमच्या वाचकांपैकीं कित्येक भगिनी पालकसंघांत आहेत, कित्येक गृहस्थ शाळांच्या वा कलासंस्थांच्या कार्यकारी मंडळांवर आहेत. पुढील करार होईल तेव्हां त्यांनीं एवढेंच सुचवावें: आमच्या शाळेंत जो शिक्षक वर्षभर येणार, तोच तितकेच तास शेजारच्या महापालिका शाळेंतही जावा, अभ्यासक्रम ठरवितांना तेथील शिक्षिकेस बरोबरीनें बोलवावें, आणि वर्षअखेरीस दोन्ही शाळांचीं मुलें एकाच रंगमंचावर यावींत. फीमध्यें थोडी भर पडेल. ती देण्यास आपण तयार आहोंत कीं नाहीं, याचा विचार घरोघरीं व्हावा.