पथ्याचे सोबती

भिवापूरचें नांव निघालें कीं ऐकणाऱ्यास प्रथम आठवते ती तेथील मिरची. अशा तिखटाच्या गांवांतून आम्हांस मिळालेली ही गोष्ट मात्र साखरेची आहे; आणि ती घरोघरीं उपयोगी पडण्यासारखी असल्यानें येथें सांगतों.

गेल्या भाद्रपदांत तेथील आमच्या परिचयाच्या एका घरीं महालक्ष्म्यांचें जेवण होतें. कुटुंब मोठें व एकत्र. त्यांत आजोबा आणि थोरल्या काकू असे दोघे मधुमेही. आजोबा गोळ्या घेतात, काकू इन्शुलिन. आजोबांची व्यवस्था चोख असते. सून ठरल्या वेळीं त्यांचें ताट वाढते, नातू सायंकाळीं त्यांना फिरावयास नेतो, आणि आजी त्यांचे तळपाय रोज निरखून पाहतात. कारण पायांची संवेदना मंदावली, तर झालेली जखम मधुमेह्यास कळतहि नाहीं. त्या दिवशींहि नैवेद्याची वाट न पाहतां, देवीची क्षमा मागून, आजोबांना बाराच्या ठोक्यास जेवूं घातलें.

काकू मात्र सोवळ्यांत पुरणाच्या पोळ्या लाटीत होत्या. सकाळीं इन्शुलिन टोंचून घेतलेलें, आणि पोटांत कपभर चहाखेरीज कांहीं नाहीं. दोनच्या सुमारास त्यांना दरदरून घाम फुटला, हात कांपूं लागले, बोलणें असंबद्ध झालें. कोणी म्हणालें, शेगडीची धग लागली. कोणी म्हणालें, दमल्या असतील. मदतीस आलेल्या शेजारच्या मैत्रिणीनें मात्र तत्काळ ओळखलें. तिनें चहाचे तीन चमचे साखर पाण्यांत ढवळली आणि पेला त्यांच्या ओठांस लावून ती म्हणाली, “अगं, आधीं हें घे; महालक्ष्म्यांना मी सांगतें.” पाव तासानें काकू सावरल्या. मग तिनें समोर बसून त्यांना वरणभात खावयास लावला.

इन्शुलिन घेऊन जेवण लांबविलें, तर रक्तांतील साखर धोक्याइतकी उतरते. रोगी शुद्धीवर असून गिळूं शकत असेल तर साखर द्यावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडांत कांहीं न घालतां तत्काळ डॉक्टरांची मदत घ्यावी. एवढें ज्ञान त्या मैत्रिणीनें मुद्दाम मिळविलें होतें. घरच्या दहा माणसांना तें नव्हतें.

बँटिंग व बेस्ट यांनीं १९२१ सालीं टोरंटो येथें इन्शुलिन शोधून काढलें, आणि जानेवारी १९२२ मध्यें लेनर्ड थॉम्प्सन या मुलास तें प्रथम टोंचण्यांत आलें. तत्पूर्वीं अशीं मुलें उपासमारीच्या पथ्यावर थोडे दिवस कंठीत. आपल्या नागपुरांत डॉ. शरद पेंडसे यांनीं स्थापिलेली ‘ड्रीम ट्रस्ट’ ही संस्था गरीब घरांतील मधुमेही मुलांस इन्शुलिन पुरवीत आली आहे. परंतु औषध मिळालें म्हणजे काम संपलें असें नाहीं. ज्या घरीं फ्रिज नाहीं, तेथें तें मातीच्या मडक्यांत ठेवतात, आणि गारवा टिकावा म्हणून भोंवतालची वाळू रोज भिजवावी लागते. ती भिजविणाऱ्या हातांचा उल्लेख कोणत्याहि औषधपत्रांत नसतो.

अशा हातांचे आभार मानावेत, एवढ्यासाठींच हा लेखनप्रपंच. मात्र पहारा म्हणजे सोबत नव्हे. मुरंब्याची बरणी कुलपांत घालून पाहुण्यांदेखत ‘तुम्हांला चालत नाहीं’ असें बजावणारा मनुष्य रोग्यास चोरून खावयास शिकवितो. पंगतींत त्याच्या शेजारीं बसून आपणहि अर्धीच पुरणपोळी घेणारा, तो खरा सोबती.

आणि वाचकहो, पथ्य सांभाळणारीच पथ्याची झाली, तर तिला वेळेवर कोण वाढणार? आपल्या घरांत पुरुषाचें दुखणें साऱ्या घराचें होतें; बाईचें तिच्या एकटीचें राहतें. जेवावयास आलेल्या महालक्ष्म्या घरच्या लक्ष्मीला उपाशी ठेवून तृप्त होत असतील, असें आम्हांस वाटत नाहीं.

भिवापूरच्या त्या घरीं आतां बारा वाजतां दोन ताटें वाढलीं जातात. दुसऱ्या ताटाची आठवण आजोबा स्वतः करून देतात.