समृद्धी मोजायची ती कोणत्या मापाने?

खंडाळा म्हटले की अनेकांच्या डोळ्यांपुढे बोरघाट उभा राहतो. येथे अभिप्रेत आहे ते खंबाटकीच्या पायथ्याचे, सातारा जिल्ह्यातील खंडाळे. या तालुक्यात शिरवळपासून केसुर्डीपर्यंत महामार्गालगत कारखाने उभे राहिले, जमिनीचे भाव चढले आणि खोल्या बांधून भाड्याने देणे हा शेतीपेक्षा भरवशाचा धंदा ठरला. यालाच भरभराट म्हणावयाचे काय?

केंद्र सरकारच्या २०१८ च्या राहणीमान-सुलभता निर्देशांकात १११ शहरांमध्ये पुणे पहिले आले. पुणेकरांनी त्याचा आनंद मानला, त्यात गैर काही नाही. मात्र ते मोजमाप शहराच्या हद्दीपाशी थांबते. शहराची वाढ तेथे थांबत नाही. ती कात्रजचा घाट ओलांडून नीरेकाठी येते आणि कामगारांच्या दाटीच्या वस्त्या, सांडपाणी व कचरा बरोबर आणते. हा भार कोणत्या शहराच्या खाती मांडला जातो? कोणत्याच नाही.

जनगणनेची कसोटीही अपुरीच. गाव शहर ठरते ते ५,००० लोकवस्ती, दर चौरस किलोमीटरला ४०० माणसे आणि पुरुष कामगारांपैकी ७५ टक्के बिगरशेती व्यवसायात, एवढ्यावर. त्यात ना गटार, ना नळ. स्त्रीच्या मजुरीलाही तेथे स्थान नाही; सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव नायगाव ज्या तालुक्यात आहे, त्यालाही हेच माप लागावे हा योग विचित्रच म्हटला पाहिजे.

संयुक्त राष्ट्रांच्या वसाहतविषयक संस्थेने २०१२ मध्ये शहराची समृद्धी पाच अंगांनी मोजावी असे सुचविले: उत्पादकता, पायाभूत सोयी, जीवनमान, समता आणि पर्यावरणाची शाश्वती. आपल्याकडे पहिल्या दोहोंचे आकडे हौसेने सांगितले जातात. खंडाळ्याचा खरा प्रश्न शेवटच्या दोहोंत आहे. तालुका पर्जन्यछायेतला. वीरचे धरण हद्दीवर असूनही त्याचा उजवा कालवा पुढे फलटण-माळशिरसकडे जातो. ‘धरण उशाला नि कोरड घशाला’ हे येथे नुसते बोलणे नव्हे. धोम-बलकवडीच्या कालव्याने काही गावांना दिलासा मिळाला, परंतु शेतीला मिळू लागलेल्या पाण्यावर आता वाढत्या वस्तीचीही तहान आहे.

म्हणून नगरपंचायती, औद्योगिक विकास महामंडळ आणि जिल्हा परिषद यांनी दर मे महिन्यात काही आकडे एकत्र जाहीर करावेत: विहिरींची पातळी, प्रक्रियेविना नीरेत जाणारे सांडपाणी, जमीन दिलेल्या किती घरांत कायम नोकरी आहे आणि कंत्राटी कामगाराच्या पगारातून खोलीभाड्यापोटी किती जाते. हे आकडे सुधारत नसतील, तर भूसंपादनाच्या नव्या टप्प्याची अधिसूचना निघता कामा नये.