यंत्र शरीरात, जबाबदारी कोणाची?

१७९१ साली इटलीतील लुइजी गॅल्व्हानी यांनी मृत बेडकाच्या पायांवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले आणि मज्जातंतू व वीज यांच्या संबंधाचा अभ्यास सुरू झाला. त्याच ज्ञानपरंपरेतून आज मेंदूत व डोळ्यांत बसविण्याची यंत्रे घडली आहेत. या यशाची दुसरी बाजूही आम्ही समाजापुढे ठेवू इच्छितो.

अमेरिकेतील ‘सेकंड साइट’ या कंपनीने ‘आर्गस दोन’ हे यंत्र अंधांसाठी तयार केले. चष्म्यावरील कॅमेरा दृश्य टिपतो, दृष्टिपटलावरील ६० इलेक्ट्रोड तेथील पेशींना सूक्ष्म विद्युत्‌स्पंद देतात आणि रुग्णास प्रकाशाचे ठिपके जाणवतात. २०१३ मध्ये त्यास अमेरिकेत मान्यता मिळाली; जगभरात ३५०हून अधिक रुग्णांनी ते बसवून घेतले. २०१९ मध्ये कंपनीने त्याचे उत्पादन थांबविले व पुढच्याच वर्षी बहुतेक कर्मचारी कमी केले. यंत्र डोळ्यात राहिले. ते बिघडल्यास दाद मागायची कोठे, हे रुग्णांस कळेना.

आमचे स्पष्ट मत असे की, अशा यंत्रास परवानगी देतानाच शासनाने अट घालावी. रुग्णाच्या हयातीपर्यंत दुरुस्तीचा निधी राखून ठेवावा आणि कंपनी बंद पडल्यास यंत्राचा आराखडा सार्वजनिक संस्थेकडे जावा. यामुळे संशोधन महागेल, असा आक्षेप येईल. परंतु रुग्णाने पत्करलेल्या धोक्यावरच ते संशोधन उभे असते.

या शाळेतून शिकून डॉक्टर, अभियंते व वकील झालेल्या माजी विद्यार्थ्यांनी हा प्रश्न आपापल्या क्षेत्रात मांडावा. रुग्णाचा हक्क कंपनीच्या मर्जीवर सोडता येणार नाही.