गढी पडू देणे हा न्याय नव्हे

१/ बीडजवळच्या पालीपासून मराठवाड्यात आत शिरावे, तर वाटेवरच्या एखाद्या गावात पांढऱ्या मातीचा खचलेला बुरूज दिसतोच. ती गावची गढी.

२/ गढी म्हणजे केवळ वाडा नव्हे. देशमुख-पाटलांचे निवासस्थान, वसुलीची कचेरी, धान्याची बळदे आणि धामधुमीत गावकऱ्यांचा आसरा, हे सारे एकाच तटाआड असे.

३/ आक्षेप असा की, गढ्या जुलमाच्या खुणा आहेत. पडल्या तर बिघडले काय? जुलूम नाकारण्याचे कारण नाही. १९४९ मध्ये हैदराबाद राज्यातील जहागिऱ्या रद्द झाल्या, हे योग्यच झाले. परंतु सत्ता संपवणे निराळे आणि तिचा पुरावा मिटवणे निराळे. गढी पडली तरी मालकाचे नाव दप्तरात उरते. भिंत रचणाऱ्या हातांची मात्र तीच एक नोंद असते.

४/ १९५८ च्या केंद्रीय कायद्यास वास्तूचे शंभर वर्षे वय पुरत नाही, 'राष्ट्रीय महत्त्व'ही लागते. गावगढीस ते सहसा मिळत नाही. म्हणूनच राज्याचा १९६० चा कायदा महत्त्वाचा. तोही अधिसूचनेवाचून निरुपयोगी, आणि पाऊस अधिसूचनेची वाट पाहत नाही. भिंतीचा माथा उघडा पडला की पाणी आत मुरते. उरलेली माती गाड्या भरून जाते.

५/ मागणी साधी आहे: तालुकावार नोंद, मोजणी, छायाचित्रे आणि माथ्यावर मातीचाच लेप. सिमेंट नको, ते ओल कोंडते. किल्ल्यांवर रोषणाई करण्याआधी शासनाने एवढे तरी करावे.