ब्लॅक बुक आणि पेढीचा शिक्का

मुंबई-ठाण्याच्या वाणिज्य महाविद्यालयांत प्रकल्प अहवालाला ‘ब्लॅक बुक’ म्हणतात. काळे पुठ्ठे, त्यांवर सोनेरी अक्षरांत विषय, विद्यार्थ्याचे आणि मार्गदर्शकाचे नाव. सादर करण्याची तारीख जवळ आली, की झेरॉक्सच्या दुकानांत बांधणीसाठी गर्दी होते. काही ठिकाणी बांधणीच नव्हे, तर तयार अहवालही मिळतो. नाव आणि हजेरी क्रमांक तेवढा बदलायचा. कृत्रिम बुद्धिमत्तेने आता तोही खर्च वाचवला आहे. शंभर ग्राहकांची प्रश्नावली एकट्याने एका संध्याकाळी भरून काढण्यात तर अनेकांना काही वावगेच वाटत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याविरुद्ध विनियम केले. त्यांनुसार प्रबंधात १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. ४० टक्क्यांपर्यंत साम्य आढळल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावा लागतो, ६० टक्क्यांपर्यंत वर्षभर तोही देता येत नाही आणि त्यापुढे नोंदणीच रद्द होते. मात्र हे सारे पदव्युत्तर आणि संशोधन पातळीवरील लेखनासाठी आहे. प्रकल्प अहवाल, गृहपाठ आणि उत्तरपत्रिका त्यांतून स्पष्टपणे वगळल्या आहेत. साहजिकच बी.कॉम.च्या ब्लॅक बुकचा खरेखोटेपणा महाविद्यालयाच्या नियमांवर, आणि खरे तर मार्गदर्शकाला किती सवड आहे यावर अवलंबून राहतो.

या व्यवहारात विद्यार्थी आणि झेरॉक्सवाला दिसतात. तिसरा भागीदार सहसा नजरेआड राहतो. तो म्हणजे कुटुंबाची पेढी.

नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत इंटर्नशिपला श्रेयांक मिळतात. एका श्रेयांकासाठी किमान ३० तास काम करायचे. चार श्रेयांकांना १२० तास. नोकरदाराच्या मुलाला त्यासाठी दारोदार फिरावे लागते. व्यापाऱ्याच्या मुलाला मामाच्या पेढीचे लेटरहेड पुरते. “मामा, मजकूर आणि तारखा मी टाकून आणतो, तुम्ही फक्त सही करा,” असे भाचा म्हणतो आणि मामा चहा संपायच्या आत सही करून मोकळे होतात. मुलाचे कल्याण होत असेल तर बिघडले कुठे, असा भाव त्यामागे असतो. माल न देता बिल फाडणे हा वस्तू व सेवा कर कायद्यात गुन्हा आहे, हे याच मामांना पक्के ठाऊक असते. इथे तर न केलेल्या कामाचे बिल फाडले जाते. श्रावकाच्या सत्याणुव्रताच्या अतिचारांत ‘कूटलेखक्रिया’ सांगितली आहे. खोटा लेख करणे हा तिचा सरळ अर्थ. भाच्यासाठी केलेल्या लेखाला तिथे सवलत नाही.

हा कागद निरुपद्रवी वाटतो, कारण त्यात पैसा फिरत नाही. परंतु एकोणीस वर्षांच्या मुलाने त्या दिवशी एक गोष्ट पाहिलेली असते, ती अशी की पेढीचा शिक्का मागितला की मिळतो. पुढे हाच मुलगा कॅश क्रेडिटसाठी बँकेला दरमहा साठ्याचे विवरण देणार असतो. ते विवरण बँक बहुतेक वेळा सहीवर विश्वास ठेवूनच स्वीकारते. गोदामाची तपासणी होते, पण रोज होत नाही. सनदी लेखापाल होण्यासाठीची आर्टिकलशिप आता तीन वर्षांऐवजी दोन वर्षांची आहे. तीही केवळ कागदावर उरकणारे काही जण असतात आणि पहिल्याच ऑडिटला त्यांची तारांबळ उडते.

विशेष म्हणजे ज्याच्या घरी पेढी आहे, त्याला नक्कल करण्याची गरज सर्वांत कमी. २०२३ मध्ये आयकर कायद्यात दुरुस्ती झाली. सूक्ष्म वा लघु उत्पादकाकडून घेतलेल्या मालाचे पैसे १५ दिवसांत, लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिले नाहीत, तर ती वजावट प्रत्यक्ष पैसे देऊ त्या वर्षीच मिळते. आपल्या पेढीची किती देणी या मुदतीत फिटतात, याचा वर्षभराचा तक्ता मांडला, तरी एक अस्सल ब्लॅक बुक तयार होईल आणि तोंडी परीक्षेत परीक्षकाच्या प्रश्नाने घाम फुटणार नाही. मुनीमजींजवळ बसून उधारीची वही वाचणे हीदेखील इंटर्नशिपच आहे, फक्त हजेरी रोज मांडली पाहिजे. दिवसाला चार तास धरले, तर १२० तासांना ३० दिवस लागतात. उन्हाळी सुट्टीत तेवढे दिवस सहज निघतात.